संगणकातील माप कोणाच्या मर्जीचे?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा आपल्या गावांतून संगणकावर नक्षी काढून देणारी दुकाने आता नवलाईची राहिलेली नाहीत. कोणी कापडावर मशीनचे भरतकाम करून देतो, कोणी लाकडी दरवाजावर जाळी कापून देतो, तर कोणी लोखंडी फाटकाचा नकाशा छापून हातात ठेवतो. यांतील बरेच कारागीर आपले बांधव आहेत आणि त्यांना काम देणारे आमच्यासारखे व्यापारीही आपलेच. काम बिघडले की मात्र ठरलेले संवाद ऐकू येतात. नक्षी काढणारा म्हणतो, "संगणकात सगळं बरोबर आहे." मशीन चालवणारा म्हणतो, "मला जे दिलं तेच मी कापलं." बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात आणि कापड मात्र वाया गेलेले असते.

अशा प्रसंगी दोष शोधायचा कोठे, याविषयी आम्हाला येथे काही सांगायचे आहे. नक्षीच्या प्रत्येक संगणकीय प्रणालीत एक पान असते, ते सहसा कोणी उघडत नाही. ऑटोकॅडमध्ये चौदाव्या आवृत्तीपर्यंत त्याला 'प्रेफरन्सेस' म्हणत. ऑटोकॅड २००० पासून त्याचे नाव 'ऑप्शन्स' झाले. कोरलड्रॉमध्येही ऑप्शन्सच आहे, इलस्ट्रेटर आणि फ्रीकॅडमध्ये प्रेफरन्सेस. नाव कोणतेही असो, अर्थ एकच: तुमची मर्जी काय ते येथे सांगा. माप इंचात की मिलिमीटरमध्ये, काम किती मिनिटांनी आपोआप जतन करायचे, फाईल कोणत्या आवृत्तीत साठवायची, हे सारे तेथे ठरते. आपण काही सांगितले नाही तर बनवणाऱ्याने आपल्या मर्जीने जे भरून ठेवले आहे तेच चालते. ऑटोकॅड १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात जन्माला आले. तेथल्या माणसाने बशीरगंजातल्या कारखान्याचा विचार करून रकाने भरले असतील, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल.

जुन्या उस्तादांकडे पाहा. बीडची कातडी छागल आणि गुप्ती एके काळी दूरवर प्रसिद्ध होती. त्या कारागिराचे माप त्याच्या हातात होते. कातडे किती आटते, शिवण किती आत घ्यायची, हे त्याने स्वतः ठरवलेले असे आणि शागीर्दाला तेच शिकवलेले असे. शिंपी दुकान थाटतो तेव्हा टेबलाची उंची, टेपची जागा, कात्रीची धार आधी आपल्या हाताशी जमवून घेतो आणि मगच गिऱ्हाईकाचे कापड टेबलावर पसरतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण दुसऱ्याने मांडलेल्या टेबलावर पहिल्याच दिवशी कापड पसरतो.

सर्वांत आधी मापाचा विषय घेऊ. आपल्या मराठवाड्याने मापांची उलथापालथ पुष्कळ पाहिली आहे. निजामाच्या राजवटीतला गज आणि गिरह आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होते. सोळा गिरहांचा एक गज. मग १९५६ सालचा वजन-मापांचा कायदा आला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक माप लागू झाले आणि १९६२ साली जुनी मापे व्यापारातून बाद झाली. तरी ती संपली नाहीत. आजही बिलात मीटर लिहितो, पण लुगडे नऊवारीच म्हणतो, आणि नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटिमीटर हे पाठ असावे लागते. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले फूट, इंच आणि सूत बोलतात, प्लायवुड मात्र कारखान्यातून मिलिमीटरमध्ये येते. त्या वेळी निदान वजन-मापाचा निरीक्षक दुकानात येऊन मोजपट्टी तपासत असे. संगणकाच्या आतली मोजपट्टी तपासायला कोणी येत नाही.

ऑटोकॅडमध्ये नवे रेखाटन सुरू करताना दोन तऱ्हेचे कोरे कागद मिळतात, एक इंचाचा आणि एक मिलिमीटरचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आपण १२ हा आकडा टाकला तर रेघ १२ ची होते. १२ काय, हे त्या रेघेवर लिहिलेले नसते. इंचाचे रेखाटन मिलिमीटर समजून मशीनला दिले की २४ इंचांची जाळी २४ मिलिमीटरची होते. ही चूक डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून तिची आम्हाला फारशी भीती वाटत नाही. भीती आहे ती दिसत नाही अशा चुकीची. पुष्कळ ठिकाणी सवयीने इंच म्हणजे २५ मिलिमीटर धरतात. खरा इंच २५.४ चा. आठ फुटांच्या फळीवर हा फरक ३८ मिलिमीटरांवर जातो, म्हणजे दीड इंच. दरवाजा चौकटीत दीड इंच कमी पडला तर तो कोणाच्या खात्यावर लिहायचा?

याच पानावर आकडा किती बारकाईने दाखवायचा हेही ठरते, आणि येथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते. दशांश बंद केले की १२.४ ची रेघ पडद्यावर १२ दिसते. रेघ बदललेली नसते, फक्त दाखवणे बदललेले असते. पडद्यावर बारा पाहून माणूस निर्धास्त होतो आणि मशीन १२.४ कापते. म्हणून कोणतीही सेटिंग बदलताना एक प्रश्न विचारावा की हिने वस्तू बदलते की वस्तूचे दिसणे. दुसरा प्रश्न असा की ही सेटिंग या एका रेखाटनात राहणार की संगणकातल्या सगळ्याच कामांना लागू होणार. ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये काही रकान्यांपुढे रेखाटनाचे छोटे चिन्ह असते. ते चिन्ह असेल तर सेटिंग त्या फाईलबरोबर जाते. नसेल तर ती त्या संगणकावरच राहते. हे ठाऊक नसल्यामुळेच "माझ्या संगणकावर ठीक होतं, त्याच्याकडे बिघडलं" अशी भांडणे होतात.

आता आमच्या कापडाकडे येतो, कारण त्यातले आम्हाला अधिक कळते. माग आणि संगणक यांचे नाते नवे नाही. लिओनच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी विणणारा माग उभा केला. भोक आहे किंवा नाही, याच भाषेत पुढे संगणकही बोलू लागला. नक्षी विणायची तर ती आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते, एक चौकट म्हणजे एक धागा. पूर्वी नक्शाबंद हे काम आलेखाच्या कागदावर करीत, आता ते पडद्यावर होते. पण विणलेल्या कापडात चौकट चौरस नसते. समजा, इंचात ताण्याचे ८० धागे आहेत आणि बाण्याचे ६०. पडद्यावर २४० बाय २४० चौकटींचा मोर काढला, छान गोलमटोल. तोच मोर मागावर ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच होतो. पैठणीच्या पदरावर मोर काढायला गेला आणि बगळा उतरला, असे त्याचे होते. उंचीही ३ इंचच हवी असेल तर उभ्या बाजूला १८० चौकटी धरायला हव्यात. विणकामाच्या प्रणालीत रीड आणि पीक यांचे रकाने यासाठीच असतात. ते भरले की पडद्यावरची चौकटच तशी दबलेली दिसते आणि काढणाऱ्याचा डोळा आपोआप बरोबर काढतो. ते कोरे ठेवले, किंवा आधीच्या कामाचे आकडे तसेच राहिले, तर डोळाच फसतो.

यातही एक मेख आहे. मागावर ताणलेले कापड आणि मागावरून उतरलेले कापड यांचे पीक एकच नसते. ताण सुटला की कापड आटते, धुलाईत आणखी आटते. तेव्हा रकान्यात भरायचा आकडा मागावरचा की गिऱ्हाईकाच्या हाती पडणाऱ्या कापडाचा, हे विणकर आणि व्यापाऱ्याने आधी बोलून घेतले पाहिजे. गोदावरीपलीकडच्या पैठणची पैठणी असो की छत्रपती संभाजीनगरचा हिमरू, हातमागावरच्या उस्तादाला हे ज्ञान अंगवळणी पडलेले असते. सुरतेकडून तयार नक्षीच्या फायली येतात, त्या त्यांच्या मागाच्या हिशेबाने काढलेल्या असतात. आपल्या मागावर त्या जशाच्या तशा चढवणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचे माप घेऊन आपला सदरा शिवण्यासारखे आहे.

भरतकामात तर सेटिंगचा संबंध थेट पैशाशी येतो. मशीनच्या भरतकामाचा भाव बहुतेक ठिकाणी हजार टाक्यांमागे ठरतो. टाके किती पडणार, हे नक्षीच्या आकारावर जितके अवलंबून असते तितकेच दोन टाक्यांमधल्या अंतरावर. प्रणालीत हे अंतर आधीच भरलेले असते, साधारण ०.४० मिलिमीटरच्या आसपास. तेच ०.५० केले तर भरावाच्या जागी चाळीस हजारांचे बत्तीस हजार टाके होतात, नक्षी तेवढीच राहते. आता पाहा. जाड खादीवर ०.४० शोभून दिसेल, पण जॉर्जेटवर तेवढ्या टाक्यांनी कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते आणि कडा आत ओढल्या जातात. गिऱ्हाईक म्हणते ओढणी चांगली पडत नाही, आणि व्यापाऱ्याने तर जादा टाक्यांचे पैसे मोजलेले असतात. याच्या उलटही घडते. भाव चाळीस हजारांचा ठरवून अंतर गुपचूप वाढवणारेही बाजारात आहेत. धागा वाचतो, वेळ वाचतो आणि दोन धुण्यांत नक्षीतून खालचे कापड डोकावू लागते. मापात कमी न देण्याची ताकीद आपल्याला दुकानाच्या पहिल्या दिवसापासून आहे. ती टाक्यांनाही लागू होते, एवढेच आम्ही म्हणू. जॉबवर्क देताना आणि घेताना चिठ्ठीवर टाक्यांची एकूण संख्या लिहितात, तसेच टाक्यांमधले अंतर आणि कापडाची जातही लिहावी. भांडणाला जागा उरत नाही.

रंगांविषयी थोडे सांगून टाकतो. भरतकामाच्या मशीनला जी डीएसटी फाईल देतात, तिच्यात टाके असतात, रंग नसतात. पडद्यावर हिरवे पान दिसले म्हणून मशीनवर हिरवा धागा लागेलच असे नाही. रंगांची यादी वेगळ्या कागदावर द्यावी लागते, हे किती जणांना माल हाती आल्यावर कळले असेल!

उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना आणखी एक दुखणे नेहमी दिसते, ते लिपीचे. जानमाजवर किंवा रुमालावर नाव भरून द्यायचे असते. 'सलमा' हे साधे नाव सीन, लाम, मीम, अलिफ असे चार सुट्या तुकड्यांत, तेही उलट्या बाजूने उतरलेले आम्ही पाहिले आहे. मराठीचेही तेच, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि 'किरण' वाचताच येत नाही. मुलगा म्हणतो, यात उर्दू-मराठी होत नाही. होते. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये अक्षरांच्या पानावर भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्यासाठी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली आणि परिच्छेदाच्या मांडणीत योग्य पर्याय निवडला की वेलांटी जागेवर येते. उर्दूसाठी मध्यपूर्वेकडील लिप्यांचा असाच पर्याय आहे. ज्या प्रणालीत तो नाही, तेथे नाव दुसरीकडे नीट लिहून, अक्षरांच्या रेषा करून, मग आत आणावे. १९९४ पासून इनपेजवर काम करणारे आमचे जुने कातिब-ऑपरेटर ही युक्ती चांगली जाणतात. त्यांना विचारायला लाज वाटू नये.

विजेचा विषय आपल्या जिल्ह्यात टाळून चालत नाही. परळीत औष्णिक वीज केंद्र आहे खरे, पण पाण्याअभावी तेच २०१३ साली बंद ठेवावे लागले होते, आणि भारनियमनाची ती वर्षे कोणी विसरलेले नाही. आताही वादळवाऱ्यात वीज जातेच. ऑटोकॅड आपोआप काम जतन करते, पण त्यात मुळात दहा मिनिटांचे अंतर भरलेले असते. दहा मिनिटांत हुशार हात पुष्कळ काम करतो. आपल्याकडे तो आकडा तीन किंवा चार असावा. ही जतन केलेली फाईल कोणत्या कप्प्यात जाते, तेही त्याच पानावर लिहिलेले असते. तेथे सहज सापडणारा कप्पा द्यावा. वीज आल्यावर फाईल सापडली नाही तर ती असून नसल्यासारखीच.

आवृत्तीचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. बीडच्या दुकानात जुनी प्रणाली, पुण्याच्या कारखान्यात नवी. तिकडून आलेली फाईल इकडे उघडत नाही आणि दिवस फुकट जातो. ऑप्शन्समध्ये फाईल कोणत्या जुन्या आवृत्तीत साठवायची हे एकदा सांगून ठेवले की पाठवणाऱ्याकडून हा त्रास संपतो. हे फक्त आपल्यासारख्या लहानांचेच दुखणे आहे असे कोणी समजू नये. एअरबसचे ए-३८० हे प्रचंड विमान बनत होते तेव्हा हॅम्बुर्गला कॅटिया या प्रणालीची चौथी आवृत्ती वापरात होती आणि तुलूझला पाचवी. विजेच्या तारांचे नकाशे एकमेकांशी जुळले नाहीत, जर्मनीहून आलेल्या तारा विमानात बसवताना आखूड पडल्या. २००६ साली विमान लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले आणि कंपनीच्या प्रमुखांना पदे सोडावी लागली. त्यांच्याकडे अभियंते हजारो होते. दोन्ही बाजूंना एकच आवृत्ती ठेवा, हे वेळेवर ठासून सांगणारा कोणी नव्हता.

आमच्या ओळखीचे बरेच मालक म्हणतात की हे पोरांचे काम, आम्ही फक्त माल पाहतो. आम्हाला हे पटत नाही. सहा महिन्यांचा कोर्स केलेला मुलगा रेघा फार सफाईने काढतो, पण तुमच्या कापडाचा पन्हा, तुमच्या मागाचे पीक, तुमच्या गिऱ्हाईकाची आवड त्याला कोर्समध्ये कोणी शिकवलेली नसते. ती तुमच्याजवळ आहे. शिवाय हा मुलगा वर्ष-दोन वर्षांत पुण्याला किंवा आखातात निघून जातो, आणि त्याने लावलेली सेटिंग कोठे काय होती हे त्याच्याबरोबरच जाते. उरलेल्या संगणकावर नवा मुलगा आपल्या सवयीने पुन्हा सुरुवात करतो आणि बिघाडाचा फेराही पुन्हा सुरू होतो. मालकाला इंग्रजी येत नाही ही सबब आम्ही मानत नाही. त्या पानावरचे कामाचे शब्द दहा-बाराच असतात. आमच्या पिढीने बँकेचे फॉर्म आणि जीएसटीचे रकाने भरायला शिकून घेतले, त्यापुढे हे काहीच नाही.

चोरून आणलेल्या प्रणालीविषयीही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ती वापरणाऱ्याला पुढची दुरुस्ती मिळत नाही आणि सेटिंगची खात्रीही राहत नाही. ज्याला ऑटोकॅड परवडत नाही त्याच्यासाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड मोफत आहेत, नक्षीसाठी इंकस्केप आहे, आणि त्याला इंक-स्टिच जोडले की मशीनची डीएसटी फाईलही निघते. शिकायला थोडा वेळ जाईल. पण दुकान आपले आणि साधन हक्काचे, यात मनाला जी शांतता आहे ती व्यापारी जाणतात.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी एक साधी वही घालावी. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण हाताने लिहा. माप कोणते, दशांश किती, रीड-पीक काय, कोणत्या कापडाला टाक्यांचे अंतर किती, जतन किती मिनिटांनी, फाईल कोणत्या आवृत्तीत. ऑटोकॅडमध्ये ही सारी मर्जी एका नावाने साठवून फाईलसारखी बाहेर काढता येते. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन गल्ल्यात ठेवावी. कोरलड्रॉ सुरू करताना एफ-८ दाबून धरले तर सगळी मांडणी मूळ स्थितीला जाते. ही कळ उपयोगाची आहे, तशीच वही नसलेल्याला महागात पडणारीही.

आणि नवी आवृत्ती बसवली, संगणक बदलला किंवा नवा मुलगा कामावर आला, की त्या दिवशी पहिले काम गिऱ्हाईकाचे घेऊ नये. वही समोर ठेवून एकेक रकाना तपासावा. मग बरोबर एक इंचाचा चौकोन काढून तो कागदावर छापावा, आणि भरतकाम असेल तर त्याच जातीच्या कापडाच्या कातरणीवर भरून पाहावा. पडद्यावर दिसणाऱ्या इंचावर भरवसा ठेवू नये, तो पडद्यागणिक वेगळा असतो. टेप लावावी, उभे मोजावे, आडवे मोजावे. दोन्हीकडे इंच भरला की मगच थान उलगडावे.